स्मृतिभ्रंश आणि आपलं घर: कुलूप कशाला लावायचं, कशाला नाही?

गौरी_शहापूर

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश झालाय असं कळलं की पै-पाहुणे पहिला सल्ला हमखास देतात: दाराला कुलूप लावा. दुसरा सल्ला: खोली मोकळी करून एका जागी बसवून ठेवा. मला हे दोन्ही पटत नाही, म्हणून हा धागा काढतेय. कुलूप लावायचंच तर धोक्याच्या वस्तूला लावावं. माणूस घरात हिंडता-फिरता राहिला पाहिजे. बसून राहिलं की पायातली ताकद जाते, ताकद गेली की पडणं वाढतं, आणि दिवसभर नुसतं बसवलेल्या माणसाला रात्री झोप कुठून येणार?

आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, जुनं. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परसात आड. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, अल्झायमर आहे. काय केलं आणि का केलं ते लिहिते. निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणीकडची घरं वेगळी, तिथले धोकेही वेगळे असणार. तुम्ही भर घाला.

सगळ्यात आधी आड. कठडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वाकून बघायची सवय जन्माची असते. वर लोखंडी जाळीचं झाकण बसवलं आणि त्याला कुलूप लावलं. पाणी मोटरनं चढतं, त्यामुळे ते रोज उघडावं लागत नाही.

मग गॅस. या आजारात वास ओळखण्याची शक्ती बऱ्याचदा लवकर मंदावते. आपल्याला गळतीचा वास आला म्हणजे त्यांनाही येईल असं धरून चालू नये. स्वयंपाकघरात कोणी नसेल तेव्हा रेग्युलेटर बंद, रात्री तर बंदच. लायटर आणि काडेपेटी वरच्या फळीवर, डब्यामागे. गळतीसाठीचा १९०६ हा नंबर मुलांनाही पाठ करायला लावलाय.

देवपूजा मात्र मी बंद केली नाही. घरात बरेच जण म्हणाले, समई-निरांजन नको, धोतराचा सोगा पेटेल. भीती खरी आहे. पण आबांच्या हाताला अजून आठवतं असं जे थोडंफार उरलंय, त्यात पूजा आहे. तेव्हा ते देवासमोर असेपर्यंत कोणीतरी शेजारी बसायचं, आणि ते उठले की वात शांत करायची. नंतर दिवसभर विजेचा छोटा दिवा. उदबत्ती पितळी घरात, पडद्यापासून लांब.

न्हाणीची आणि संडासची आतली कडी काढून टाकली. आत पडले आणि कडी लागलेली असेल तर दार फोडण्यात वेळ जातो. फिनेल आणि संडास धुण्याचं ॲसिड बंद कपाटात. त्या रंगीत बाटल्या सरबताच्या दिसतात, आणि लेबल वाचता आलं तरी वाचलेल्याचा अर्थ लागेलच असं नसतं.

फरशीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे कोणी सांगत नाही. डोळे चांगले असले तरी अंतर आणि खोली यांचा अंदाज मेंदू चुकवतो. दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं. चकचकीत फरशीवर ट्यूबचा उजेड पडला की पाणी सांडलंय असं वाटतं. मग माणूस थबकतो, लांब ढांग टाकतो आणि तोल जातो. आम्ही गडद पायपुसणी काढली आणि फरशीशी मिळत्या रंगाची, मागून रबर असलेली आणली. उंबरठे सागवानी आहेत, काढले नाहीत. त्यांच्या कडेला पिवळा पट्टा रंगवला. जे सुटं असेल ते फरशीच्या रंगाचं, आणि जिथे पाय उचलायचा तिथे उठून दिसणारा रंग, एवढं धरून सगळं घर पाहिलं.

आणि जे बदललं नाही तेही सांगते. आबांची आरामखुर्ची, टोपीची खुंटी, तांब्या-भांडं ठेवायची दिवळी. हे सगळं होतं तिथेच आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली एका दिवसात घराचा नकाशा बदलला तर आधीच हरवलेला माणूस स्वतःच्या घरातही हरवतो.

रात्रीचं उठणं आणि बाहेर पडणं यावर तुम्ही काय करता?

निवृत्त_सिस्टर

गौरी, छान आणि पोटतिडकीनं लिहिलंस. तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी झाली माझी, घरी आईलाही हाच आजार होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीच्या पुढच्या लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. तरी आपल्याकडे अजून "वय झालं की व्हायचंच" म्हणून सोडून देतात.

न्हाणीबद्दल भर घालते, कारण जास्त पडणं तिथे आणि तिच्या वाटेवर होतं.

टॉवेलची दांडी आधाराला कधीच धरू देऊ नये. ती दोन बारक्या स्क्रूंवर असते, भार आला की उखडून येते. भिंतीत पक्का बसवलेला, खरबरीत पकडीचा दांडा हवा. एक कमोडजवळ, एक अंघोळीच्या जागी. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी, पांढरं कमोड असेल तर त्यांना कमोड दिसतच नाही. बसायला जातात भलतीकडे. कमोडची बैठक गडद रंगाची घाला. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते, पण तिच्या पायांना रबर आहे ना आणि ती डगमगत नाही ना, हे स्वतः बसून बघा.

अंघोळीचं पाणी आधी गार, मग गरम. उलट करायचं नाही. ६० अंशांच्या पाण्यानं म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं, आणि भाजतंय हे सांगायला शब्द वेळेवर सुचत नाहीत. गिझर ४९ अंशांच्या खाली ठेवता आला तर ठेवावा. तांब्या हातात देण्याआधी आपलं मनगट बुडवून बघावं.

औषधं कुलपात. सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, म्हणून ती परत घेतली जाते. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी दोनदा गेली तर चक्कर येऊन पडतात. झोपेच्या गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मुळीच देऊ नका, रात्रीचं पडणं त्यानं वाढतं.

एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. कालपर्यंत बरं असलेलं माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिघडलं, बरळायला लागलं, ओळखेनासं झालं, तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, न्युमोनिया, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवं औषध, यातलं काहीही असू शकतं आणि त्यावर उपाय असतो. त्याच दिवशी दवाखाना.

आणि वर्षातून एकदा डोळे व कान तपासा. मोतीबिंदू आणि कानातला मळ हे दोन्ही स्मृतिभ्रंश आहे त्याहून मोठा करून दाखवतात.

वायरमन_अनगोळ

वाचनखूण साठवली. माझ्या धंद्यातलं सांगतो.

रात्री उठणाऱ्या माणसासाठी पलंगापासून संडासापर्यंत खाली, घोट्याच्या उंचीवर, मंद पिवळे दिवे लावा. माणूस हलला की आपोआप लागणारे सेन्सरचे मिळतात. मोठी ट्यूब अचानक लागली की डोळे दिपतात आणि घाबरतात. खोलीत मधोमध एकच दिवा असेल तर कोपऱ्यात लांब सावल्या पडतात, त्यात त्यांना माणूस उभा दिसतो. संध्याकाळी अस्वस्थ होणाऱ्यांच्या घरी मी सांगतो, दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे लावा, अंधार पडायची वाट बघू नका.

इन्व्हर्टरवर लोक टीव्ही आणि हॉलचा पंखा घेतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते सगळ्यांना माहीत आहे. संडासची वाट आणि न्हाणी आधी इन्व्हर्टरवर घ्या, टीव्ही नंतर.

जुन्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, नसेल तर बसवाच. ओल्या हातानं बोर्डला हात लावण्याची यांची शक्यता जास्त. गिझर, मिक्सर, इस्त्री यांची बटणं त्यांच्या सहज हाताशी नकोत. आणि रात्री न्हाणीतला आरसा झाका. त्यात कोणी परका माणूस उभा आहे असं समजून आत जायलाच तयार नसलेले आजोबा मी बघितलेत.

निवृत्त_सिस्टर

आरशाचं अगदी बरोबर. स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात तर नसलेली माणसं, जनावरं स्पष्ट दिसतात. अशा घरी मोठ्या फुलांचे पडदे आणि नक्षीच्या चादरी काढून साध्या घालाव्यात.

नंदगडकर

शहरातलं समदं बरोबर हाय, पण आमच्या खानापूर तालुक्यात घराला कंपाऊंडच नसतंय. मागलं दार उघडलं की शेत, शेताच्या पलीकडं रान. आमची आज्जी उठली की थेट बांधावर. तिला कोंडायचं कुणाच्या मनातच आलं नाही, पण तिच्या वाटा आम्ही नीट करून ठेवल्या.

पयली गोष्ट, पावसात अंगण आणि दगडी पायऱ्या शेवाळतात. ब्लिचिंग पावडर टाकून खराट्यानं घासणं हे आठवड्याचं काम ठरवून टाकलं. दुसरी, शेतातली विहीर. पुष्कळ विहिरींना कठडाच नसतो. आमच्या विहिरीला काटेरी तारेचं कुंपण केलं, फाटकाला साखळी. शेजारच्याच्या शेततळ्यालापण बोलून जाळी मारून घेतली, तोबी तयार झाला लगेच.

तिसरी आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे फवारणीची औषधं. तणनाशक पाण्याच्या बाटलीत ओतून गोठ्यात ठेवायची आपल्याकडं सवयच हाय. उंदराचं औषध फळीवर. घरात असं माणूस असेल तर हे समदं मूळ डब्यात, पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप. प्यायल्यावर दवाखाना गाठेपर्यंत उशीर होतोय. शेती करणाऱ्या सगळ्यांनी हे आजच करावं.

न्हाणीत चुलवणावर हंडा असतो, त्याचा जाळ आणि उकळतं पाणी दोन्ही धोक्याचं. आम्ही पाणी तापवून बादलीत काढतो, जाळ विझवतो, मगच आज्जीला आत नेतो. विळी, कोयता, खुरपं वर टांगलं. पण तिला पालेभाजी निवडायला देतो, शेंगा सोलायला देतो. हात चालू असले की ती उठून जायचं नाव घेत नाही.

निपाणीकर

बाहेर पडण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या मावशीनं उमेदीची वर्षं विड्या वळल्या. आता सकाळ झाली की "कारखान्याला उशीर होतोय" म्हणून निघते. अडवलं की भांडते. "सुपारी खाऊन जा, पानं मोजून दे आधी" असं म्हटलं की बसते. कात्री हातात देत नाही, नुसती पानं लावायला देतो.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी काही गोष्टी खास सांगतो.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसमधून राज्यात फुकट प्रवास आहे. योजना चांगलीच आहे, आमच्या घरच्या बायका रोज वापरतात. पण पूर्वी पैसे नसले की म्हातारी स्टँडवरून परत यायची, आता पिशवीत आधार कार्ड असलं की ती चिकोडी, संकेश्वर, बेळगाव, कुठेही पोचू शकते. आधार कार्ड आपल्याकडे ठेवा. तिच्याजवळ वेगळं ओळखपत्र द्या: नाव, "यांना विसरण्याचा आजार आहे", घरातल्या दोघांचे नंबर. हे मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. आमच्याकडून कोगनोळी नाका ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. इकडे कंडक्टर कन्नड बोलणारा, तिकडे पोलीस मराठी. कार्ड पिशवीत ठेवलं तर पिशवीच हरवते, म्हणून परकराच्या पट्टीला आतून शिवलं.

हरवल्याची तक्रार द्यायला २४ तास थांबावं लागतं हा समज चुकीचा आहे. लगेच ११२ ला फोन. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. सीमेवर फोन पलीकडच्या राज्यात लागला तरी घाबरू नका, गाव, तालुका, जिल्हा स्पष्ट सांगा. गेल्या महिन्याभरातला पूर्ण उंचीचा फोटो मोबाइलमध्ये तयार ठेवा. शोधायला निघण्याआधी घर, माळा, गोठा, विहीर नीट बघा, आणि मग जुनी ठिकाणं: माहेर, जुनी नोकरी, जुनं देऊळ. बहुतेक जण ओळखीच्या वाटेनंच जातात.

जीपीएसवालं घड्याळही मिळतं. उपयोग होतो, पण चार्जिंग संपलं की ते नुसतं घड्याळ. त्याच्या भरवशावर राहू नये.

पुण्याहून_सचिन

आई-बाबा टिळकवाडीत, बाबांना हाच आजार. मी सगळ्या खोल्यांत कॅमेरे लावलेत आणि आई बाजारात जाते तेव्हा बाहेरून कुलूप लावायला सांगितलंय. कॅमेऱ्यात दिसतात, काळजी नाही. एवढं सगळं करण्यापेक्षा हे सोपं नाही का?

गौरी_शहापूर

सचिनदादा, लांब राहून काळजी किती लागते हे मी समजू शकते. पण माझं स्पष्ट मत आहे, आत एकटं माणूस असताना बाहेरून कुलूप नको. शॉर्ट सर्किट झालं, गॅस सुटला, ते घसरून पडले, तर कॅमेऱ्यात तुम्हाला पुण्याहून फक्त दिसेल. आईंनी बाजारात जाताना समोरच्या घरातलं कोणी अर्धा तास येऊन बसलं तर तुमच्या सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा ते जास्त कामाचं. आणि न्हाणीतला कॅमेरा तेवढा काढून टाका. बाबा विसरत असतील, त्यांची लाज विसरलेली नाही.

कोणी घरात असताना मुख्य दार बंद ठेवायचं असेल तर नेहमीची कडी तशीच ठेवून एक जास्तीची कडी अगदी वर किंवा अगदी खाली बसवा. नजर तिकडे सहसा जात नाही. घरातल्या बाकी सगळ्यांना ती माहीत हवी आणि आतून झटकन उघडता यायला हवी. दारावर घुंगरांची माळ लावली तर रात्री दार हललेलं कळतं.

गल्लीला सांगून ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लाजून लपवलं की कोणी मदत करू शकत नाही. आमच्या गल्लीतला दूधवाला, किराणा दुकानदार, रिक्षा स्टँडवरची माणसं, गणेशोत्सव मंडळाची पोरं, सगळ्यांना आबांबद्दल माहिती आहे आणि आमचा नंबर त्यांच्याकडे आहे. कोपऱ्यावर दिसले की मुलं "आबा, चहा घ्यायला चला" म्हणत घरी घेऊन येतात. बेळगावच्या गल्ल्यांमध्ये ही ताकद अजून आहे, ती वापरा.

भाग्यनगर_मीना

भाषेचा मुद्दा कोणी काढला नाही. आमच्या आजोबांची शाळा बेळगाव मुंबई राज्यात असतानाची, १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची, सगळी मराठीत. नंतर नोकरीत कन्नड शिकले, उत्तम बोलायचे. आजार वाढला तसं नंतर शिकलेलं कन्नड आधी गेलं. त्यांना सांभाळायला येणाऱ्या अक्का बैलहोंगलच्या, त्यांना मराठी जेमतेम. "थांबा", "हळू", "इथे धरा", "पाणी गरम आहे" एवढं तरी मराठीत त्यांना पाठ करून दिलं. अंघोळीच्या वेळची निम्मी झटापट कमी झाली. संडासच्या दारावर मोठं चित्र आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरात नाव. दार अर्धं उघडं ठेवलं तर आणखी बरं, आतली वस्तू दिसली की आठवतं.

वडगावची_सून

सगळं वाचलं. पटलंही. पण आमच्याकडे दोनच खोल्या, खालच्या खोलीत लूम, म्हणजे यंत्रमाग. नवरा लूमवर असतो, मी घरोघरी जाऊन साड्यांचं फॉल-पिकोचं काम आणते आणि पोचवते. सासूबाई लूमच्या पट्ट्याजवळ जातात. मी बाहेर पडताना वरच्या खोलीला बाहेरून कडी लावते. दुसरा मार्ग मला दिसत नाही. गौरीताई, समोरच्या घरातलं कोणी बसायला हवं म्हणता, समोरच्यांचीही लूमच आहे.

निवृत्त_सिस्टर

बाळा, तुझ्या ठिकाणी मीही घाबरले असते. चालू लूमपाशी त्यांना जाऊ न देणं हे बरोबरच आहे. आपण जमेल ते बघू.

लूमच्या खोलीच्या दाराला अर्ध्या उंचीचं फाटक बसवून घे, सुतार एका दिवसात करून देईल. त्याची कडी लूमच्या अंगाला खाली. म्हणजे दार उघडं, हवा येते, नवऱ्याला आई दिसते, आईला मुलगा दिसतो, आणि त्या पट्ट्यापर्यंत पोचत नाहीत. मग वरच्या खोलीची कडी लावायची गरजच कमी होईल. फाटकाच्या अलीकडे त्यांची खुर्ची ठेव आणि कांड्या भरायला किंवा रिकाम्या कांड्या वेगळ्या करायला दे. आयुष्यभर त्यांनी तेच केलं असेल.

साड्या पोचवायच्या फेऱ्या त्यांचं जेवण आणि संडास झाल्यावर, दुपारच्या झोपेच्या वेळी कर. शक्य असेल तिथे त्यांनाच बरोबर घेऊन जा, चालणं होईल. आणि एखाद्या दिवशी कडी लावावीच लागली तर खालच्या माणसाला सांगून, रेग्युलेटर बंद करून, आणि कडी नुसती सरकवून. कुलूप नाही.

वायरमन_अनगोळ

वडगावची सून, लूमच्या मोटरला फाटकापासून लांब, नवऱ्याच्या हाताशी एक बंद करायचं बटण हवं. आई जवळ आलेल्या दिसल्या की जागेवरून बंद करता येईल. रविवारी मी वडगावात असतो, निरोप ठेवा, सामानाचे तेवढे द्या.

वडगावची_सून

फाटकाचं कधी सुचलंच नव्हतं. नवऱ्याला दाखवलं, हो म्हणाला. दादा, रविवारी या. आणखी एक, कधी कधी मलाच काही सुचेनासं होतं, रात्रभर त्या उठत असतात. कुणाशी बोलायचं?

गौरी_शहापूर

दोन नंबर लिहून ठेव. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट. घरात स्मृतिभ्रंश असलेली बाई आहे, दिवसा सांभाळायला कोणी नाही, जवळ काय सोय आहे, असं थेट विचार. दुसरा १४४१६, टेली-मानस, मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी मदतवाहिनी, दिवस-रात्र चालू. तो सांभाळणाऱ्यांसाठीही आहे, रात्री दोनला रडू येत असेल तरी फोन लाव. कन्नड जड जात असेल तर सुरुवातीलाच मराठी बोलणारं कोणी माग.

आणि नणंद, दीर कोणी असतील तर आठवड्यातली एक रात्र त्यांच्याकडे माग. संकोच करू नकोस. मी तुला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, शहापूर ते वडगाव काही लांब नाही. बुधवारी दुपारी आबा झोपले की मी येऊन सासूबाईंजवळ बसेन, तू तुझ्या साड्या पोचवून ये.